पट्टे घट्ट केले तरी तो घसरतोच

कळव्याहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा साडेसहा वर्षांचा, वजन १४ किलो. सेरेब्रल पाल्सीमुळे (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे) चारही हातपाय ताठर, धडावर ताबा नाही. मान दोन-तीन मिनिटं धरतो, मग सोडून देतो. दोन वर्षांपूर्वी ‘वाढत्या अंगाची घ्या’ असं दुकानदाराने सांगितल्यामुळे एक नंबर मोठी सीपी चेअर, म्हणजे अशा मुलांसाठीची आधाराची खुर्ची, घेतली. तिच्यात बसवलं की दहा मिनिटांत तो खाली घसरतो, डावीकडे कलतो, रडतो. पट्टे आणखी आवळले, तर मांड्यांमधल्या खुंटाने जांघेत चट्टा उठला. भरवताना ठसका लागतो. सासूबाई म्हणतात, माझ्या मांडीवर नीट जेवतो, खुर्ची हवी कशाला? दीर वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनच्या कामात आहेत. त्यांनी स्टीलची एक खुर्ची आखली आहे. तिचीच झोपायची गादी होते, तीच उभी करता येते, खाली शी-शूचं भांडं बसतं आणि चाकंही आहेत. वजन २२ किलो, खर्च ३८ हजार. आईचे प्रश्न तीन: ही खुर्ची करून घेऊ का? ‘एकदाच नीट करून घेतली की दहावीपर्यंत बघायला नको’ हे बरोबर आहे ना? आणि पट्टे किती लावायचे?

ताई,

दिरांचं चित्र पाहिलं. हात कामाचा आहे. पाइपचा गेज, चाकांचा व्यास, बिजागरीची जागा सगळं लिहिलंय. फक्त तुमच्या मुलाचं एकही माप त्यात नाही. मांडी किती लांब, खुबा कुठपर्यंत वाकतो, पाठ कुठे कलते, यातलं काहीच नाही. म्हणून ३८ हजारांचा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि तुम्ही पाठवलेल्या दोन फोटोंकडे बघू.

पहिला फोटो जुन्या खुर्चीतला, बाजूने काढलेला. बैठकीची पुढची कड त्याच्या पोटऱ्यांना टेकली आहे. कंबर आणि पाठीची फळी यांच्यात वीतभर पोकळी आहे. पाय ठेवायची फळी बरीच पुढे आहे, त्यामुळे गुडघे अर्धे सरळ झालेत आणि टाचा तरंगतायत. पट्टा पोटावर आहे. या चार गोष्टी जोवर तशाच आहेत तोवर तो घसरणारच, मग पट्टे दोन असोत की आठ.

कारण असं. बैठक मांडीपेक्षा लांब असली की कड पोटरीला टोचते आणि अंग आपोआप पुढे सरकतं. कंबर पुढे आली की ती मागे लवंडते आणि मूल माकडहाडावर बसतं. त्यात मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले. हे स्नायू कमरेच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. त्यामुळे गुडघा सरळ केला की ते कमरेच्या हाडाला खालून ओढतात. पाय पुढे ठेवले म्हणजे तुम्ही नकळत त्याला खुर्चीतून बाहेर ओढताय. वरून पोटावरचा पट्टा आवळला तर तो बरगड्यांकडे चढतो, पोट दाबतो आणि कंबर त्याच्याखालून निसटते. उरतो तो मांड्यांमधला खुंट. त्याचं काम गुडघे एकमेकांपासून दूर ठेवणं. आपण त्याला ब्रेक केला, आणि चट्टा उठला.

दुसरा फोटो आजीच्या मांडीवरचा. तो नीट बघा, दिरांनाही दाखवा. आजी चटईवर भिंतीला टेकून बसल्यात, एक गुडघा थोडा वर. त्या उतारामुळे मुलाच्या मांड्या पुढून उचलल्या गेल्यात, खुबा चांगला वाकलाय आणि ढुंगण आजीच्या पोटाशी खोलवर रुतलंय. आजीचा डावा हात त्याच्या डाव्या काखेखाली. कोपराची घडी डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली, मानेच्या वरच्या टोकाला. हनुवटी किंचित खाली. गुडघे वाकलेले, पाय सैल. चांगल्या खुर्चीत जे जे लागतं ते जवळपास सगळं या फोटोत आहे. आजी ‘खुर्ची हवी कशाला’ म्हणतात ते आडमुठेपणाने नाही, त्यांना फरक दिसतोय. फक्त १४ किलोचे उद्या २० होतील आणि आजींची कंबर तीच राहील. खुर्चीने आजीच्या मांडीची नक्कल करायची, एवढंच तुमचं डिझाइन.

आता ‘एकदाच’बद्दल. वाढत्या अंगाचा शर्ट चालतो, बाह्या दुमडता येतात. बैठकीची फळी दुमडता येत नाही आणि इथे दोन-तीन सेंटिमीटरनेही खेळ बिघडतो, ते तुम्ही दोन वर्षं पाहताच आहात. अशी खुर्ची दीड-दोन वर्षांच्या हिशेबाने करायची आणि दर सहा महिन्यांनी माप घ्यायचं. चार कामं एकात घालण्यातही गोम आहे. जेवायला जवळजवळ सरळ बसावं लागतं. शी-शूच्या खुर्चीत नेमक्या आधाराच्या जागी भोक असतं. उभं करायचं तर गुडघे, कंबर, छाती यांना वेगळेच आधार लागतात. आणि ती बिजागरी बघा: दिरांनी ती बैठक आणि पाठ जुळते त्या कोपऱ्यात दाखवली आहे. मुलाचा खुबा तिथे नसतो, तो त्या कोपऱ्याच्या थोडा वर आणि पुढे असतो. त्यामुळे खुर्चीची पाठ मागे पाडली की फळी एका वर्तुळात फिरते आणि मुलाची पाठ दुसऱ्या. कातडी घासली जाते, कंबर पुढे ढकलली जाते आणि पुन्हा उभी केली की मूल आधीपेक्षा खाली आलेलं असतं. महागड्या आडव्या होणाऱ्या खुर्च्यांतही ही खोड असते. ज्याला अंग ताठ करून धनुष्यासारखं मागे फेकायची सवय आहे, त्याच्यासाठी तर खुबा उघडणं हे आमंत्रणच. त्याला मागे कलवायचंच असेल तर पाठ आणि बैठक यांतला कोन कायम ठेवून अख्खी खुर्ची कलवायची.

तेव्हा एका कामापुरती खुर्ची करा: जेवण आणि त्यानंतरचा खेळ. शी-शूची सोय वेगळी आणि साधी ठेवा. उभं राहण्याचं खुब्याचा एक्स-रे दाखवून थेरपिस्टशी बोलल्याशिवाय मनातही आणू नका.

एक्स-रेचा विषय निघालाच आहे. अशा मुलांत खुब्याचा गोळा वाटीतून हळूहळू सरकतो. ऑस्ट्रेलियातल्या २००६ सालच्या एका अभ्यासात सेरेब्रल पाल्सीच्या सर्व मुलांत मिळून हे प्रमाण ३५ टक्के होतं, पण सगळ्यात जास्त बाधित गटात, म्हणजे ज्यांना आधाराशिवाय बसता येत नाही अशा मुलांत, ९० टक्के. तुमचा मुलगा त्याच गटात बसतो. गेल्या सहा-बारा महिन्यांत दोन्ही खुब्यांचा एक्स-रे झाला नसेल तर आधी तो काढा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. रडणं नुसतं खुर्चीचं आहे की खुबा दुखतोय, हे कळल्याशिवाय सुताराला बोलावण्यात अर्थ नाही.

त्याआधी आज रात्रीच, एक पैसा न घालता, जुन्याच खुर्चीवर तीन गोष्टी करून बघा. पाठीच्या फळीला पूर्ण रुंदीचा कडक भराव लावा. पुठ्ठ्याचे थर किंवा गुंडाळी न करता घडी केलेली योगा मॅट चालेल, उशी नको, ती दबते. कड आणि पोटरी यांच्यात दोन बोटं जातील इतका भराव हवा. पायाखाली पावलं पूर्ण टेकतील असा खोका ठेवा, पण पुढे नाही, गुडघ्यांच्या बरोबर खाली किंवा जरासा आत. पट्टा पोटावरून काढून मांडी जिथे कमरेला मिळते त्या घडीवर आणा, खेच खाली आणि मागे, बैठकीशी ४५ ते ६० अंशांच्या कोनात. दोन बोटं आत जावीत इतका सैल. मग घड्याळ लावा. दहा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं टिकला तर नवीन खुर्चीची निम्मी मापं तुम्हाला फुकट मिळाली. चट्टा बरा होईपर्यंत खुंट काढूनच ठेवा.

हे जमलं तरी बाजूचे आधार, मान आणि ट्रे यांसाठी नवी बैठक लागेलच. तिची मापं घ्यायला, तुमच्याकडे महिन्यातून एकदा थेरपिस्ट येतात त्या फेरीचा एक तास राखून ठेवा, दिरांनाही त्या वेळी हजर ठेवा. गादीवर नाही, फरशीवर सतरंजी टाकून. मूल जेवून तासभर झालेला असावा आणि चिडलेला नसावा.

उताणं झोपवा. एकाने तळहात कमरेखाली ठेवायचा, दुसऱ्याने गुडघा वाकवून एक मांडी सावकाश पोटाकडे न्यायची. ज्या क्षणी कंबर तळहातावर गोळा होऊ लागते तिथे थांबा. तोच खुब्याचा खरा कोन. मांडी आणि धड यांत ९० अंशांपर्यंत आरामात आलं तर उत्तम, पण १०० वरच अडलं तर पाठ आणि बैठकीतला कोनही १००च ठेवायचा. गुण्या लावून काटकोनात बसवायच्या हट्टाने कंबर पुन्हा मागे लवंडते. आता मांडी तिथेच धरून गुडघा हळूहळू सरळ करा. ओढ लागली, कंबर हलली की थांबा. पायाची फळी त्या कोनापेक्षा पुढे जाता कामा नये. दोन्ही पाय वेगवेगळे बघा. मग धड: तो डावीकडे कलतो ते सपाट हाताने हलकेच सरळ होतं का? होत असेल तर आधार देऊन सरळ ठेवता येईल. होत नसेल तर तो बाक आहे तसा स्वीकारून त्याला टेकू द्यायचा, ढकलायचं नाही. कुठेही तो कळवळला तर तिथे काम बंद.

नंतर कडक स्टुलावर, मागून आणि बाजूने दोघांनी धरून बसवा आणि टेपने मोजा. ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत, त्यातून ३ सेंटिमीटर वजा, ही बैठकीची खोली. दोन्ही बाजूंची वेगळी घ्या. खुबा सरकलेल्या मुलांत एक मांडी आखूड भरते. उजवी २८ आणि डावी २६ आली तर फळीही उजवीकडे २५ आणि डावीकडे २३ अशी कापायची. लांब बाजूच्या मापाने सरळ कापली की आखूड बाजू पुढे ढकलली जाते आणि कंबर पिळते. ही चूक फार होते, कारण सुताराला फळी चौकोनीच बरी वाटते. पुढे: गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत, रोजचे बूट किंवा स्प्लिंट (पाय सरळ ठेवणारा कडक साचा) घालून. कमरेची रुंदी अधिक २ सेंटिमीटर. छातीची रुंदी. बैठकीपासून कोपर, काख, खांदा आणि डोक्याचा माथा अशी चार उंचीची मापं. सगळं दोनदा, दोघांनी. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. उंचीच्या मापांत फोम दबण्याचा हिशेब धरा, त्यासाठी फोमवर मुलाला बसवून किती दबतो ते प्रत्यक्ष बघा.

आता लगेच लाकूड कापायचं नाही. आधी पुठ्ठा.

हसू नका. पुठ्ठ्याचे थर चिकटवून अपंग मुलांच्या खुर्च्या करायचं तंत्र झिम्बाब्वेत बेव्हिल पॅकर यांनी रुजवलं. न्यूयॉर्कमध्ये जाड पन्हळी पुठ्ठ्यातून अशीच साधनं करणाऱ्या अ‍ॅलेक्स ट्रूसडेल यांना २०१५ साली मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला. पुठ्ठ्याचा गुण हा की पाऊण तासात आधार दोन सेंटिमीटर खाली आणता येतो आणि कुणाला वाईट वाटत नाही. वेल्ड केलेला पाइप चुकला तरी घरचे ‘चालवून घेऊ’ म्हणतात आणि मग मुलाला त्या चुकीत बसावं लागतं.

फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचे खोके, शक्यतो सात प्लायचे (सात थरांचे), तुमच्याकडच्या कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतील. भिजलेले, मुरगळलेले घेऊ नका. बैठकीला तीन थर, प्रत्येक थराची पन्हळ आधीच्याला आडवी. पाठीला दोन थर पुरतात. उभ्या बाजूंच्या फळ्यांत मात्र पन्हळ उभीच ठेवा. उभी नळी वजन पेलते, आडवी चेपते. चिकटवायला फेव्हिकॉल किंवा घरची खळ: एक वाटी मैदा गार पाण्यात कालवून, एकूण पाच वाट्या पाणी होईल अशा बेताने उकळत्या पाण्यात शिजवा. जुने बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद हा विषारी क्षार घालत. ते इथे अजिबात नको, मूल कडा चाटणारच. थर चिकटवून वर वजन ठेवा आणि पंख्याखाली दोन दिवस वाळवा. पावसाळ्यात चार. खाडीकाठच्या हवेत जुलैमध्ये अर्धवट वाळलेला पुठ्ठा आतून कुजतो आणि बाहेरून छान दिसतो.

मूल बसवण्याआधी पाण्याचे २० लिटरचे दोन भरलेले जार रात्रभर बैठकीवर ठेवा. ४० किलो म्हणजे त्याच्या वजनाच्या जवळपास तिप्पट. अंग ताठ करून तो मागे झटका देतो तेव्हा लागणारा जोर नुसत्या वजनापेक्षा बराच जास्त असतो. सकाळी कुठे फट दिसली तर तिथे आणखी एक थर.

या पुठ्ठ्याच्या बैठकीत महत्त्वाची जागा एकच, तिच्यावर वेळ घालवा. मागच्या भागात बसायची दोन हाडं टेकतात. तो भाग सपाट आणि खाली, पाठीपासून साधारण ९-१० सेंटिमीटर. त्याच्या पुढे मांड्यांखाली अडीच ते तीन सेंटिमीटरची चढण. म्हणजे हाडं एका उथळ खड्ड्यात बसतात आणि पुढे सरकायला लागली की चढणीला अडतात. पट्ट्यापेक्षा हेच घसरणं जास्त थांबवतं, आणि आजीच्या वर केलेल्या गुडघ्याने नेमकं हेच होत होतं. खड्डा आखूड पडला तर हाडं थेट चढणीवर येतात, मूल पाचव्या मिनिटाला किंचाळतं. लांब झाला तर अडवायला काही उरत नाही. नेमकी जागा शोधायची सोपी युक्ती: पिठाच्या गोळ्याचा दीड बोट जाड थर प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यावर मुलाला मिनिटभर बसवा. दोन खळगे उमटतील. चढण त्या खळग्यांच्या पुढच्या कडेपासून दीड-दोन सेंटिमीटरवर सुरू करा. ती उताराने चढवा, पायरीसारखी उभी नको. चढणीसाठी कडक ईव्हीए फोम (चपलांच्या तळाला असतो तसा), वर सगळीकडे एक मऊ थर.

बैठकीची पुढची कड खालच्या अंगाने तिरकी कापायला सांगा. त्याचे पाय आत, बैठकीखाली यायचेत. खाली सरळ पट्टी किंवा पाइप असेल तर टाचा अडतात आणि पाय पुन्हा पुढे जातात. दिरांच्या चित्रात नेमका तिथे आडवा पाइप आहे, तो मागे सरकवावा लागेल.

डावीकडे कलण्यासाठी एकाच बाजूला जाड उशी कोंबली तर तो तिच्यावर लोंबकळतो. आधार तीन लागतात: डावीकडे दोन, एक काखेच्या तीन बोटं खाली आणि दुसरा कमरेच्या हाडाशी. उजवीकडे एक, त्या दोघांच्या मधल्या उंचीवर, पाठ जिथे बाहेर फुगते तिथे. काखेत आधार घुसवू नका, तिथून हाताच्या नसा जातात. त्याआधी एक तपासा. दोन्ही हातांची बोटं कमरेच्या पुढच्या दोन टोकांवर ठेवून बघा. डावं टोक खाली असेल तर कलणं पाठीत नाही, बैठकीत सुरू होतंय. हात लावून ते टोक वर येत असेल तर खालच्या बाजूला नॅपकिनच्या एक-दोन घड्या घालून बघा, कधी कधी आधार लागतच नाही.

डोक्याच्या मागे सपाट उशी ठेवली की बरीच मुलं तिच्यावर रेटा देऊन सगळं अंग ताठ करतात. आधार हवा तो डोक्याच्या उंचवट्याखाली, आजीच्या कोपरासारखा. प्रवासातली घोड्याच्या नालेसारखी उशी या कामाची नाही. ट्रे कोपराच्या उंचीला किंवा दोन सेंटिमीटर वर. दोन्ही कोपरं टेकली की मान तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त वेळ टिकते. तो ट्रे फक्त वाटीसाठी नाही. खेळणं, पुस्तक, हो-नाहीची दोन चित्रं तिथेच येणार आहेत.

पहिल्या दिवशी १५ मिनिटं, दिवसातून दोनदा. दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. उठवल्यावर ढुंगण, माकडहाड, काखेखालचा भाग, टाचा बघा. उमटलेला डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागी बदल हवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा हात लावून बघा, तिथे गरम किंवा कडक लागतं का. मणक्याच्या जन्मजात दोषामुळे कमरेखाली संवेदना नसलेलं मूल ज्यांच्या घरी आहे त्यांनी हे दुप्पट काळजीने करावं, कारण ते मूल रडून सांगणार नाही. तुमचा मुलगा रडून सांगतो. ‘हट्ट करतो’ म्हणून सोडून न देता कितव्या मिनिटाला रडला ते वहीत लिहा. पाचव्याला रडला तर कुठेतरी टोचतंय, पंचविसाव्याला रडला तर दमलाय.

ठसक्याबद्दल स्वतंत्रपणे. बसणं सुधारलं की ठसका बऱ्याचदा कमी होतो, पण जेवताना आवाज ओलसर, घरघरता होत असेल किंवा छातीत वरचेवर कफ भरत असेल तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे जायलाच हवं. ते खुर्चीने सुटणारं काम नाही. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करू नका.

दोन-तीन आठवडे पुठ्ठ्यात तो नीट बसला की तीच मापं प्लायवूडवर उतरवा. पाणी लागणार, तेव्हा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचा, बैठकीला १८ मिलिमीटर, पाठ आणि बाजूंना १२. आधारांना स्लॉट पाडा, म्हणजे वर-खाली सरकवता येतील. पट्ट्याचे बोल्ट आरपार, मागे रुंद वॉशर लावून. प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू अशा झटक्यांनी महिन्याभरात सुटतो. पट्टा बॅगांना लावतात त्या नवारीचा, सव्वा-दीड इंची, बक्कल एका हाताने सुटणारं. वेल्क्रो नको, त्यात धागे अडकून त्याची पकड जाते. वरची खोळ सुती आणि दोन शिवून घ्या, एक अंगावर, एक दोरीवर. मे महिन्यात नुसत्या रेक्झिनवर त्याला बसवून बघा, म्हणजे खोळ का ते कळेल.

दिरांना खरं काम इथे आहे. खालचा सांगाडा त्यांनी करावा, एक इंची चौकोनी पाइपचा, चार ब्रेकवाली चाकं. पायाच्या फळीची दांडी दर सेंटिमीटरला भोक पाडून, वाढ झाली की एक भोक खाली. कलवण्यासाठी बिजागरीऐवजी पाचर: २५ सेंटिमीटर लांबीच्या बैठकीखाली पुढून साधारण साडेचार सेंटिमीटर उचललं की १० अंश मिळतात, साधारण साडेसहा उचललं की १५. जेवताना पाचर काढायची, खेळताना आणि दमल्यावर लावायची. सांगाडा पाठीच्या मागे १५ सेंटिमीटर जास्त ठेवा, नाहीतर कललेल्या खुर्चीत त्याने झटका दिला की सगळं उलटतं. मुलाच्या वजनाचं पोतं बसवून मागे ढकलून हे आधीच तपासा. तुमची इमारत बिनलिफ्टची आणि तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून बैठक सांगाड्यावरून सुटी निघाली पाहिजे. बैठक घेऊन जिना उतरणं जमतं, २२ किलो घेऊन नाही.

महिन्यातून एकदा येणारा थेरपिस्ट या कामाला अपुरा वाटला तर वाशीचं नवी मुंबई महापालिकेचं अपंगांसाठीचं ईटीसी केंद्र आणि खारघरची एनआयईपीआयडी या बौद्धिक अपंगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची शाखा तुम्हाला जवळ आहेत. बैठक आणि स्प्लिंट दोन्ही एकत्र बघायची असतील तर हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था. जाताना यूडीआयडी कार्ड (सरकारी अपंगत्व ओळखपत्र), एक्स-रे आणि ती मिनिटांची वही न्या. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत सेरेब्रल पाल्सीसाठी वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे, काढलं नसेल तर काढा. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून साधन मिळालं तर पुढचं तीन वर्षांनी, पण १२ वर्षांखालच्या मुलांना ही अट एका वर्षाची आहे. मुलं वाढतात हे सरकारलाही मान्य आहे.

राहिला तिसरा प्रश्न, पट्टे किती. एक. कमरेचा, जांघेच्या घडीवर. छातीचा पट्टा आत्ता लावू नका. कंबर घसरत असताना छाती बांधली तर मूल खाली जातं आणि पट्टा गळ्याशी येतो. पुठ्ठ्याच्या बैठकीत तो अर्धा तास न घसरता बसला आणि तरीही पुढे झुकून पडत असेल, तेव्हा छातीच्या पट्ट्याचं थेरपिस्टसमोर ठरवा.